साक्षीदाराची सही

विद्यावेतन दोन तुकड्यांत येतं :
कंपनीचं एक तारखेला,
विद्यापीठाचं येईल तेव्हा.

वह्याही दोन.
एकीत मी चुकते, खोडते,
मुजावर मॅडम समासात लिहितात, "का?"
दुसरीच्या पानांवर छापील आकडे,
खोडायचं नाही, एकच रेघ, शेजारी सही,
खाली साक्षीदाराची.
ती वही रात्री कुपवाडलाच मुक्कामाला.

करारातलं नववं कलम :
रेणूविषयी घरी बोलायचं नाही.

अण्णा त्याच फाटकातून आत जातात
बावीस वर्षं, स्ट्रिप पॅकिंगला.
त्यांचं कार्ड पिवळं, माझं निळं;
निळ्याला उघडणारं दार
त्यांनी आतून पाहिलेलं नाही.

काल जेवताना म्हणाले,
"तुझ्या ओढणीला कडू वास मारतोय गं.
मागं अशीच एक गोळी होती, पोटाची.
पॅक करतानाच जिभेवर उतरायची.
बायका तोंडाला पदर बांधायच्या.
मग बंद केली वरनं."

माझा घास हातातच.
चौदा महिने संदर्भ धुंडाळतेय मी,
एकाही शोधनिबंधात ही गोळी नाही.

"कधी बंद केली?"
"तू सातवीत असशील."
त्यांनी ताकात मीठ घातलं, ढवळलं.

कुठल्या वहीत लिहू हे?
साक्षीदार तर समोरच बसलाय,
हात धुवायला उठतोय.