लो गिअर

खाण बंद पडल्यावर आग्नेलने लिलावात घेतलेली ही जीप.
दारावर अजून कंपनीचा आकडा: सतरा.
वरून दोनदा रंग मारला तरी तो डोकावतोच,
दंडावरच्या देवीच्या टोचणीसारखा.

शाणू पुढे, कारण त्याचे गुडघे.
मागे सुलक्षा आणि मी, मध्ये बर्फाचा डबा,
उर्राकच्या दोन बाटल्या, आणि एक कलिंगड
जे रिवणपासून दर खड्ड्याला माझ्या घोट्यावर येतंय.

डांबर संपलं तिथे आग्नेल उतरला,
पुढच्या चाकांचे हब फिरवले,
हात पँटला पुसत परत बसला
आणि इगर्जीत बोलावं तसं हळू म्हणाला,
'आता धरून बसा.'

मग रस्ता असा राहिलाच नाही.
तांबड्या धुळीची चढण,
मध्ये मागच्या पावसाने कोरलेली नाळ,
डावं चाक तिच्यात,
उजवं हवेत, विचार करत.
काजूच्या बागेतून बोंडांचा आंबूस वास
आडवा आला आणि गाडीतच बसला.
सुलक्षाच्या फोनवर आम्ही एक निळा ठिपका,
भोवती नुसतं पांढरं.
'आपण कुठेच नाही,' ती म्हणाली.
आनंदाने म्हणाली.
सव्वीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढलेली बाई.

ओहळात अडकलो. गोट्यांवर चाकं गरगरली,
दोर लावला, दोर तुटला,
शाणूने गुडघे विसरून धक्का दिला
आणि बाहेर आल्यावर ते पुन्हा आठवले.
खंड्या फांदीवरून सगळं बघत होता,
मासे काय, उद्याही मिळतील.

मग ते वळण.
समोर सह्याद्री, निळ्यामागे फिका निळा,
शेवटचा डोंगर की आभाळ, सांगता येऊ नये असा.
आणि खाली, पायांशी, एक तळं.
हिरवं. इतकं हिरवं की शाणूने टोपी काढली.
काठ पायऱ्यापायऱ्यांचे,
कुणी देवळासाठी बांधून घ्यावं तसे.
फोटो. तू सरक. ऊन डोळ्यांवर. आणखी एक.

आग्नेल फोटोत आला नाही.
बॉनेटला टेकून म्हणाला,
'हांगा दोंगर आसलो.'

आम्हाला वाटलं, पलीकडचा दाखवतोय.
त्याने बोट तळ्याच्या मधोमध धरलं,
मग सावकाश वर नेलं, रिकाम्या हवेतून,
आणि एका उंचीवर थांबवलं.
'तिथपर्यंत. माथ्यावर जांभूळ होतं.
एकोणीस वर्षं. दिवसाला सहा खेपा, कधी आठ.
दर खेपेला दहा टन.
घराचा स्लॅब त्यातला. फिलूचं नर्सिंग त्यातलं.'
बाजारातून आल्यावर भाव सांगावा तसं सांगितलं:
बांगडे आज शंभराला पाच.

'मग गेला कुठे तो?' सुलक्षा.
'बार्जीतून मुरगाव. तिथून जपान. पुढे कोण जाणे.
गाड्या करतात म्हणे.'
शाणूने जीपच्या पत्र्यावर टकटक केलं,
'म्हणजे त्याच्यावरच बसून आलो की काय आपण?'
आम्ही हसलो.
आग्नेलने सतराच्या आकड्यावरची धूळ
अंगठ्याने पुसली. अंगठा बघितला.

कलिंगड बॉनेटवर कापलं. कोमट झालं होतं.
कुणाची बी तळ्यापर्यंत पोचते, अशी पैज लागली.
एकही पोचली नाही.

उतरताना त्याने चाक माझ्या हातात दिलं.
'ब्रेकवर पाय नको. लो गिअरला टाक,
इंजिन धरून ठेवतं.'
खरंच धरलं. सगळं वजन पाठीशी घेऊन
गाडी म्हातारीसारखी पायरी पायरी उतरली.

अर्ध्यावर, एका आंधळ्या वळणाआधी,
त्याने बाजूने हात घालून हॉर्न दाबला. लांब.
'कुणाला?' मी विचारलं.
समोर धूळ, पाचोळा, दुपार.
'खालून रिकाम्या गाड्या यायच्या.
बाजूला घे जरा.'

मी घेतली.
इंजिन चालू ठेवून उभे राहिलो चौघं,
कुणीच काही बोललं नाही,
आणि मग त्याने हाताने खूण केली: चल आता.