चोवीस नव्हे, सव्वीस

जुनं बोर्ड बनवायचं बंद केलं त्यांनी.
तीन ओळींचं पत्र आलं, आणि सोबत
गुलाबी स्पंजात रुतलेलं हे नवं,
तळहाताहून लहान, एकच वायर लोंबती.
चोडणच्या मानशीवर बसायचंय त्याला,
खाजनाच्या दाराशी, खाऱ्या वाऱ्यात.

आमच्या बिल्डला ते ठाऊकच नाही.
त्याच्या लेखी जगात अकरा बोर्डं आहेत,
बाराव्याचं नाव घेतलं की
लाल अक्षरांत सांगतं,
या नावाचं इथे कुणी राहत नाही.

मग मी शेजारच्या बोर्डाची फाइल उचलली.
नाव बदललं. मेमरी अर्धी केली.
झाड लिहायला बसले:
मुळाशी एक तिरकी रेघ, तिच्यातून फांद्या,
कुठल्या पत्त्यावर कोण, कुठली पिन कुणाची,
आणि प्रत्येकापुढे एक शब्द: आहे.
तारा जोडलेल्या असोत, चिप बोटाला चटका देत असो,
'आहे' लिहिल्याशिवाय इथे कुणी नसतंच.

रायबंदरची फेरी तीनदा आली, गेली.
बिल्ड चालूच. चार हजार कामांतलं
एकोणतीसशेवं. मध्येच नेट गेलं,
एक पॅकेज अर्ध्यात तुटलं;
पण सगळं पहिल्यापासून करायला लावलं नाही,
एवढी दया आहे त्याच्यात.

रात्री कार्ड घातलं, कन्सोल उघडला.
काहीच आलं नसतं तर झोपले असते.
पण आलं: चौकोन, प्रश्नचिन्हं, एक सुटा यू,
पुन्हा चौकोन.
म्हणजे आत कुणीतरी बोलतंय
आणि माझ्यापर्यंत नुसतं खाकरणं पोचतंय.

दोन दिवस केबली बदलल्या.
बुटलोडरला शिव्या दिल्या, मग माफी मागून
त्याचीच पानं पुन्हा वाचली.

तिसऱ्या दिवशी घरमालक इनास आला, भाड्याचं विचारायला.
बत्तीस वर्षं तारवटी, जहाजावर रेडिओ सांभाळलेला.
भाडं विसरून स्क्रीनकडे बघत उभा राहिला.
"हा बोलतोय बरोबर, बाय. फक्त तुझ्यापेक्षा घाईत आहे.
तू त्याची अक्षरं भलत्या जागी कापतेस."
मी म्हटलं, पुस्तिकेत घड्याळ चोवीसचं आहे.
"पुस्तिका लिहिणाऱ्याने बोर्ड पाहिलं होतं?"
स्टॅम्प बघायचं भिंग घरून घेऊन आला.
क्रिस्टलच्या पत्र्याच्या डबीवर, तांदळाच्या कणीएवढं,
सव्वीस.

चाराचे सहा केले.
आणि ओळी सरळ उतरू लागल्या,
त्यात बोर्डाने आपलं नाव सांगितलं,
परवा मीच ठेवलेलं,
तरी मी ते मोठ्याने वाचलं.

बदलाची नोंद लिहिताना आधी लिहिलं,
'पुस्तिकेवर विसंबू नका.' खोडलं.
फक्त दोन आकडे ठेवले, आणि इनासचं नाव,
भिंग त्याचं म्हणून.

काल ते मानशीवर बसवलं. भरती चढत होती.
फळ्यांची दारं पाण्याने आपोआप मिटली, धप्,
आणि माझ्या फोनवर उमटलं: दार उघडं.
जानू मानशेकार बांधावर बिडी विझवत म्हणाला,
"तुझ्या पेटीला सगळं उलटं दिसतं गो?"
उलटं नाही, मी सांगू लागले,
या पिनेवर शून्य आलं की समजायचं, आहे;
दाब नसतो तेव्हाच ती हो म्हणते,
ते मी झाडात लिहायचं विसरले...

तो ऐकत नव्हता.
गुडघाभर पाण्यात उतरून
दाराच्या फटीला तळवा लावून उभा होता.
मी बांधावर लॅपटॉप उघडला,
एक शब्द बदलला.
बॅटरी एकोणीस टक्के. बिल्ड सुरू.