बर्फाच्या वहीतले शेरे

तौफिक जहाजावर कुक आहे.
खलाशांच्या खोलीत जी पुस्तकं कुणी उचलत नाही
ती तो माझ्यासाठी बॅगेत टाकतो,
बदाम आणि शांपूच्या मधे.
मुखपृष्ठावर एकच बाई, दर वेळी नव्या रंगाच्या झग्यात,
पाठीवरची बटणं सुटलेली,
म्हणून मी सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालते
आणि लाद्या मोजून झाल्या की
हर्णैच्या बर्फ कारखान्यात खुर्ची खिडकीकडे ओढते.

बोटी यायला अजून तास आहे.
लंडनमध्ये नाचाचा हंगाम सुरू झालाय.

वाचलं की लिहायचं, ही खोड जुनी.
लाद्यांच्या वहीत, मागून, उलटीकडून:

‘क्रमांक एकतीस. नायक उमराव, नेहमीप्रमाणे.
भुवई तेवीस वेळा उंचावली. मोजली.
नायिकेला बुद्धी आहे, पण चौदाव्या प्रकरणात
ती भिजते, तापाने फणफणते,
मग ताप उतरतो आणि त्याच्याबरोबर बुद्धीही.
पाचात अडीच.’

‘क्रमांक चौतीस. नावापुरतं लग्न, मागाहून प्रेम.
घराण्यावर कर्ज असताना एवढ्या मेणबत्त्या कशा?
पाचात तीन. त्यातला एक फक्त त्या आत्यासाठी,
जी बहिरेपणाचं सोंग घेऊन सगळं ऐकते.’

लिलावाआधी पाजपंढरीची हंसाबाई पावसे
टोपली उपडी घालून दाराशी बसते.
तिला मी गोष्ट तोंडी सांगते.
तिचे शेरे माझ्याहून बरे.

‘ह्यो डूक करतो काय?’
काही नाही. जमीन आहे.
‘मंग दिसभर घरात? आणि ही त्याच्यावर भाळली?’
तो घोडा छान चालवतो.
‘बरं. तीनशे माणूस नाचाला, जेवायला काय?’
थंड मांस. लिंबाचं सरबत.
हंसाबाई समुद्राकडे बघते.
‘मासळी नाय?’

एक्केचाळिसाव्या पुस्तकात
बग्गी चाललीये आणि तो तिचा हातमोजा काढतोय.
बारा बटणं. दोन पूर्ण पानं.
पान उलटायला मी माझा रबरी हातमोजा
दातांनी ओढून काढला.
बोटं पांढरी पडलेली, टोकांना सुरकुत्या,
सव्वीस वर्षं बर्फाजवळ राहिलेली बोटं.
ती कुणी दोन पानं घेऊन उघडली नाहीत.
मी ती दोन पानं पुन्हा वाचली.
मग कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून उठले.

ते दुरुस्त करून आले तेव्हा पान दोनशे बारा.
तिच्या गळ्यात पाचूंचा हार:
काकांनी हिंदुस्थानातून पाठवलेला,
कोकणपट्टीतल्या कुठल्याशा मोहिमेतला, अठराशे अठरा.
एक वाक्य. लेखिकेला तेवढंच पुरलं.
पुढे हार तीन वेळा चमकतो, बस.

मी मान वर केली.
खिडकीत सुवर्णदुर्ग होता, रोजच्यासारखा,
तटावर एक घार.
त्याच सुमाराला तिथला झेंडा बदलला,
एवढं शाळेत शिकवलं होतं.
तिकडे त्याच साली हे सगळे नाचत होते
हे मला एक्केचाळीस पुस्तकं वाचून आज सुचलं.

हंसाबाईला सांगितलं. हातमोज्याचं सांगताना
ती गालातल्या गालात हसली, पदर सावरला.
हाराचं सांगितलं तेव्हा म्हणाली,
‘कुणाच्या गळ्यातला?’

पुस्तकात नाही.

‘मंग काय लिवलंय तिनं एवढ्या पानांत?’

तेवढ्यात बोटी दिसल्या. बैलगाड्या
कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या,
कुणीतरी माझ्या नावाने बर्फासाठी ओरडलं,
सुरमईला चाळीस लाद्या, कोळंबीला वेगळ्या.
रात्री वहीत, उलटीकडून, लिहिलं:
‘हातमोज्याला पाच.
हाराबाबत खुलासा मागवावा.’
आणि तौफिकला निरोप ठेवला
की ह्याच बाईचं दुसरं काही मिळालं तर आण.

दुसऱ्या दिवशी हंसाबाई लवकर आली.
टोपली उपडी घातली.
‘दिला का हार परत?’

अजून नाही, मी म्हटलं.
साठ पानं आहेत.