दोन चाळीसची ओळ

किन्हेकरकाका रिटायर झाले, नागपूरला लेकीकडे गेले.
जाताना मला जिनिंगच्या ऑफिसची किल्ली दिली,
काट्याचा पासवर्ड दिला,
आणि जुन्या तोलाईची एक वही.
एका बाजूनं गाडी नंबर, वजन, ओलावा.
उलटी धरली की दुसऱ्या बाजूनं
कोड.

कोड निळ्या शाईत, सुवाच्य.
शेजारी लाल शाईत काका स्वतः बोलतात:

"सर्व्हर बसला तं आंधी डिस्क पाय.
लॉग सारी जागा चरून जाते, मोकाट गोऱ्हा जसा."

"सातशे सत्याहत्तर परमिशन देऊ नको कोनाले.
मंग घराले कवाड कायले लावते मानूस?"

"डिलीटच्या आंधी सिलेक्ट मार. किती ओळी येतात थे मोज.
व्हेअर नसन तं डिलीट म्हंजे
धुरा न पाहता काडी लावनं."
याच्याखाली फक्त एक तारीख.
आणि: अकराशे बेचाळीस पावत्या.
पुढे काही नाही. शाई फुटलेली.

गाडी नंबरातल्या मोकळ्या जागा काढायची एक ओळ आहे,
कंस, तारे, तिरप्या रेघा,
काट्यावरच्या मुंग्यांसारखी लागलेली रांग.
तिच्याशेजारी:
"हे काऊन चालते माईत नाई. चालते. हात लावू नको."

आणि एका पानावर कोडच नाही:
"पंखा घरघरला तं स्क्रीन पाहू नको, रुई पाय."

मी यवतमाळच्या पॉलिटेक्निकची, सुकेशनी रंगारी,
फर्स्ट क्लास.
आठवडाभरात सगळी वही टाइप केली, फोल्डर पाडले, नावं दिली.
लाल शाई घेतली नाही.
मग रात्रीची कामं उघडली, एकेक ओळ तपासत गेले:
बॅकअप, ठीक. दराची पाटी बदलणं, ठीक.
आणि दोन चाळीसला हे काय?

रोज रात्री एका पानावर लिहायचं
"चालू आहे".
बस.
सात वर्षांच्या अडीच हजार ओळी, तेच दोन शब्द.
वहीत शोधलं. निळ्या शाईत सापडलं,
शेजारी लाल शाई नव्हती.
मी पुढे एक हॅश टाकला आणि घरी गेले.

सकाळी सहा दहाला फोन.
"काटा बंद हाय का बाई?"
नाही काका, काल चौऱ्याऐंशी गाड्या झाल्या.
"मंग चालू हाय असं काऊन नाई म्हनत थे?"

मला काय सांगावं सुचेना.
तेच म्हणाले,
"इकडे झोप नाई लागत. रातभर लिफ्ट वरखाली करते.
पाहाटे मोबाइल उघडतो, थे म्हनते चालू हाय,
मंग मी चा मांडतो."
मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.
"नसन जमत तं राहू दे," म्हणाले,
"लय काही कामाचं नाई थे."

ऑफिसात पोचले तेव्हा शटरच्या फटीत
रात्रभराची रुई साचली होती.
झाडली नाही आधी.
हॅश काढला. एक अक्षर.
हातानं एकदा चालवून पाहिलं:
चालू आहे.

मग वही उलटी धरली.
लाल पेन कुठं सापडेना,
पावत्यांवर सही करायचा हिरवा होता, त्यानं
त्या कोऱ्या जागेत लिहिलं:
"हे काऊन चालते, माईत हाय. हात लावू नको."

बाहेर हॉर्न वाजला.
एमएच एकोणतीस, पुढचं ऐकू आलं नाही,
खिडकीतून हात काढून विचारलं,
ओलावा किती?