मानस

आमच्या मांडूरात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार.
भरतीच्या रेट्याने आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं;
खारं बाहेर, कोरगुटाचं भात आत.

दर वर्षी त्याचा लिलाव.
ज्याची बोली मोठी, त्याला दारातली मासळी.
एका वर्षी एकाने रात्री फळीखाली दगड सारला,
अख्खी भरती आत घेतली.
शेवटे, चणक, सुंगटं, टोपल्या पुरेनात.
वर्ष संपलं, तो गेला.
शेतात तीन पावसाळे पांढरं मीठ.

ही गोष्ट मला ठाऊक होती.
तरी पर्वरीच्या काचेच्या खोलीत
अहवालाच्या सातव्या पानावर
‘वसुली : सत्त्याण्णव टक्के’ वाचून
मी म्हणाले, वा!

कुंकळ्येकरचं ॲप साधं.
पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल पायलटांना
दहा मिनिटांत कर्ज.
आमच्या फंडाचे चार कोटी, माझी संचालकाची खुर्ची,
काजूगर, कॉफी,
आणि इतिवृत्तात दर वेळी ‘सर्वानुमते’.

मग एकदा गाडी बंद पडली
आणि इनास कार्दोझच्या मागे बसून पणजीला गेले.
वाटेत तोच बोलत होता, वाऱ्यात अर्धं उडून जात होतं.
वीस हजार घेतलेले. सव्वीस फेडले.
दोन हप्ते चुकले तेव्हा फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेला :
हा माणूस बुडवा आहे.
कुवेतच्या मेहुणीला. पोदेराला.
‘पाद्रीकसुद्धा, बाय.’
शंभराची नोट दिली.
त्याने चाळीस परत केले, दोनदा मोजून.

पुढच्या बैठकीत मी विचारलं,
लोकांच्या फोनमधली नावं आपण कशाला घेतो?
कुंकळ्येकर गोंधळला. खरंच गोंधळला.
म्हणाला, मॅडम, पहिल्याच सादरीकरणात होतं की.
अकरावी स्लाइड.
तुम्ही तेव्हा फक्त विचारलंत,
वाढ किती?

आता बंगळूरचा मोठा फंड आमचा हिस्सा घेतोय. नऊपट.
सही शुक्रवारी.
त्यांना कर्जं नकोत,
ती नावं हवीत.

आज संध्याकाळी बांधावर आले.
दार मिटत होतं, हळू,
कुणी हात न लावता.
पूर्ण मिटलं नाही.
खालच्या कोपऱ्यातून बोटभर धार आत,
कुठल्याच पानावर न दिसण्याइतकी.
मी वाकून चाचपलं.
दगड होता. शेवाळलेला,
म्हणजे बऱ्याच दिवसांचा.

ओढला. हलेना.
मागे अख्खी नदी टेकून उभी.

ओहोटी लागायला अजून तीन तास.
फोन वाजतोय.
चपला काढून ठेवल्यात.