नमुना क्रमांक सतरा

दर्यापूर सोडलं की सावली फक्त गाडीची.
एप्रिल. एका भेगेत काळमेघ सरांनी
हातोडा दांड्यापर्यंत सोडला आणि म्हणाले, मोजा.
शबानाची फूटपट्टी आत गेली ती गेलीच,
अजून तिथेच असेल, खोली मोजत.

विहिरीवर येणूबाईनं बादली पुढं केली.
"प्या, पन सांगून ठेवतो,
याच्यात दाळ शिजत नाई बाप्पा."
आम्ही ओठ लावले. खारं.
जीभ बराच वेळ दातांमागे लपून बसली.

इथे समुद्र होता का, सर?
"कोणी म्हणतं होता, कोणी म्हणतं मुळीच नव्हता.
तुम्ही प्रश्न लिहा. उत्तराला जागा सोडा."
मी अर्धं पान सोडलं.

उत्तरेला गाविलगड दिवसभर
खोडलेल्या पेन्सिलीच्या रेघेसारखा.
चढाव लागला तसे सर मागे वळले :
"डोंगर उंच झाला एवढंच दिसतं तुम्हाला.
पूर्णेचं खोरं खाली बसलं, ते कोण बघणार?"
खाली सपाटीवर ऊन हलत होतं,
पाणी असल्यासारखं.

सालबर्डीला, माडू नदीच्या काठी,
काळ्या दगडाच्या खाली पिवळसर वाळूचा दगड.
लाव्हा यायच्या आधीची वाळू.
आम्ही कल मोजला, दिशा मोजली,
आकडे तिघांचे तीन आले.
चैतराम शेळ्या सोडून बघत होता.
"ह्या गोट्यावर विळा लय झकास लागते," म्हणाला.
सरांनी ते वहीत लिहून घेतलं,
त्याचं नाव विचारून, आडनावासकट.

बावीस वर्षं झाली.
मांजरपाटाच्या पिशव्या लोखंडी पेटीत,
चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या.
काल एक ढेकूळ निघालं, राखेच्या रंगाचं, अर्धं फुटलेलं.
शाई पुसट : स आणि त. सात की सतरा?
सात असेल तर डोंगराचं,
सतरा तर येणूबाईच्या विहिरीचं.

लेक बघत होती, तरी जिभेला लावलं.
खारं.
पण त्या दिवशी सगळ्यांचे हात घामानं भिजलेले,
आणि पेटी उघडताना माझेही.

वही शोधली.
ते अर्धं पान अजून कोरं आहे.