एकाहत्तर टक्के

एकाहत्तर टक्के ताबा.
सहाशे बारा पास.
निकाल: शून्य–एक.

हेराल्वुर खुर्ची मागे ढकलतो.
तराफ्याखाली समुद्र कूस बदलतो.
दुपारचे साडेतीन, आणि फेरो बेटांवर काळोख
केव्हाचाच खाडीत उतरून बसलेला.
डाव्या पडद्यावर आठ जाळी, त्यांत गोल गोल फिरणारे सॅमन.
उजव्या पडद्यावर तिसऱ्या श्रेणीतला एक डॅनिश क्लब,
अकरा मोसम तो ज्याचा मॅनेजर आहे
आणि ज्याच्या एकाही खेळाडूला आई नाही.

चेंडू आपल्याकडे असला की गोल होत नाही,
इतकं साधं गणित होतं.
पण झाला, एकोणनव्वदाव्या मिनिटाला,
त्यांच्या एकुलत्या एका लांब किकवर.
तोवर आपली पोरं
तळहाताच्या फोडासारखा चेंडू जपत होती,
डावीकडून उजवीकडे,
उजवीकडून पुन्हा तिथेच.

सोमवारी वेग वाढवला: तीन–चार.
मंगळवारी बचावाची रेषा वर सरकवली,
तर मागे एवढं रान मोकळं
की त्यांचा जाडा स्ट्रायकरही चालत जाऊन गोल करून आला.
बुधवारी पाचव्या जाळ्यात उवा सापडल्या.
गेम उघडलाच नाही.

चारा सोडायचं काम मात्र त्याला जमतं.
गोळ्या तळाकडे बुडताना दिसल्या की हात आखडायचा,
पाणी वर उसळू लागलं की सैल सोडायचा.
बोटांना कळतं ते.
पडदा बदलला की तीच बोटं
परक्या घरी जेवायला बसल्यासारखी वागतात.

गुरुवारी रात्री त्याने ओस्टरगॉरला पुन्हा वाचलं.
लेफ्ट बॅक. वय चौतीस. गती सात, समज सतरा.
बाबा रे, तू मागेच थांब.
उजवीकडच्या पोराला मोकळं सोडलं, पळ काय पळायचं ते.
मधल्या तिघांत एकालाच सांगितलं: धोका पत्कर.
एकालाच.
तिघांनी पत्करला तर जत्रा,
कुणीच नाही तर सुतक.
वेग मध्यम. रेषा मध्यम.
मध्यम हा शब्द त्याला आयुष्यभर
शेजाऱ्याच्या गुणपत्रिकेतला वाटत आलेला.

चोपन्न टक्के ताबा.
एक–एक.
पण तीनदा असा पास गेला, तिरका, बचाव चिरत,
की हेराल्वुर एकटाच उभा राहिला
आणि डोकं दिव्याला आपटलं.

रविवारी ऑर्हुसहून रान्वाचा फोन.
हवा?
वारा आहे.
मेंढ्या?
ठीक.
गुडघा?
ठीक. तू?
ठीक.
तिकडे पाऊस?
थोडा.
चार वर्षं झाली, कुणी हरलेलं नाही.

तो जाळी बघतोय. घसा खाकरतोय.
मग, कुठून कोण जाणे,
तुझ्या आईची पेटी अजून तशीच आहे, म्हणतो.
मी उघडलेली नाही.
तू येऊन उघडशील का?

पलीकडे सायकलची घंटा वाजते, कुणाची तरी.
एक दार लागतं.
आता हा गेला, त्याला वाटतं,
आता सगळे आपल्याच अंगावर धावत येणार,
आणि मागे कुणीच नाही,
ओस्टरगॉरसुद्धा नाही.

तिसऱ्या जाळ्यात मासे खायचे थांबलेत.
गोळ्या एकामागून एक
तळाला चालल्यात, कॅमेऱ्यासमोरून, सावकाश.
त्याला दिसतंय.
त्याचा हात बटणापर्यंत जात नाही.

किल्ली कुठाय, विचारते ती.